दुसरी गाडी

आई, तू गेलीस तेव्हा मी यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या खोलीत बसत होते आणि तू चामराजपेटच्या गल्लीत सगळ्यांना सांगत फिरायचीस, "आमची पोरगी चित्रं काढते, त्याचा पगार देतात." ती नोकरी कधीच सुटली. आता मी गाड्या आपटते. खरंच सांगते, थट्टा नाही. नवी कोरी गाडी शोरूममधून विकत आणायची, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. तिच्यात माणसाच्या मापाचे पुतळे बसवायचे, त्यांना पट्टे लावायचे आणि पोलादी दोरानं रुळावरून वेगात ओढत नेऊन समोरच्या ठोकळ्यावर धाडकन आदळायची. तू कपाळावर हात मारून घेतला असतास आणि विचारलं असतंस, मग त्या गाडीचं पुढं काय करता? भंगारात देतो, आई. दुपारपर्यंत ती भंगार असते.

तुला समजेल असं सांगते. अपघातात आतल्या माणसाला किती मार बसलेला चालेल, याचे सरकारचे नियम आहेत. प्रत्येक कंपनी म्हणते, आमची गाडी नियमात बसते. ते खरं का, हे बघायला सरकारी खातं बाजारातून गाडी उचलायला लावतं आणि ती आपटून बघायचं काम कंत्राटानं आमच्यासारख्या खाजगी प्रयोगशाळेला देतं. कंत्राट ठरावीक मुदतीचं असतं, मुदत संपली की पुन्हा टेंडर, पुन्हा धाकधूक. त्या सगळ्यात माझं काम शेवटचं. चाचणी नियमाप्रमाणे झाली, असं लिहून सही करायची. माझी सही नसेल तर गाडी फुटली काय आणि न फुटली काय, सारखंच.

ते पुतळे, आम्ही त्यांना डमी म्हणतो, मोठे लाडाचे असतात. आत पोलादी बरगड्या आणि त्यांना आतून रबरासारखा जाड लेप. हा लेप गारठला की बरगड्या ताठरतात, ऊब लागली की मऊ पडतात, आणि मग छाती किती दबली याचा आकडा खोटा येतो. म्हणून चाचणीच्या आधी त्यांना तासन्‌तास एसीच्या खोलीत एकाच तापमानाला ठेवायचं. बाहेर आम्ही माणसं घामाघूम आणि हे आत आरामात. त्यांची सरबराई करायला एक तंत्रज्ञ होते, माझ्याहून वयानं मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. चाचणीच्या आधी ते डमीच्या तोंडाला रंग लावायचे, नाकाला एक, हनुवटीला एक, म्हणजे डोकं नेमकं कुठं आपटलं ते रंगाच्या ठशावरून कळतं. रंग लावताना त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायचे, "स्वल्प थांब, हलू नकोस." आम्ही हसायचो.

त्या दिवशी सकाळी मी डमींच्या खोलीत शिरले तर अण्णा स्वेटर घालून, वर मफलर गुंडाळून उभे. भिंतीवरच्या पट्टीवर तापमान अगदी हवं तेवढं. मला वाटलं, आपलं वय झालं, आपल्यालाच थंडी वाजतेय. खात्याचा अधिकारी दिल्लीहून आला होता, गाडी रुळावर लागली होती, सगळे घाईत होते. मी डमीच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा गार तो कधीच नसायचा. तरी मी पट्टीकडं बघितलं, हाताकडं नाही, आणि म्हटलं, चला.

गाडी पास झाली. पण छातीचा आकडा मर्यादेच्या इतका कडेला की जरा पाय घसरला असता तर पलीकडे. दुपारी अण्णांनी एसीच्या मेकॅनिकला बोलावलं, कारण त्यांची सर्दी हटेना. त्यानं उघडून बघितलं आणि म्हणाला, तापमान सांगणारा सेन्सर अडकलाय, एकच आकडा दाखवतोय, रात्रभर मशीन थंड करत सुटलंय. म्हणजे डमी गारठलेला होता. बरगड्या ताठ होत्या. ताठ होत्या म्हणून छाती कमी दबली आणि गाडी पास झाली असेल. किंवा नसेल. कुणालाच सांगता येणार नव्हतं. कागदावर मात्र रात्रभराचं तापमान सरळ रेषेत, अगदी शहाण्या मुलासारखं.

आमचे साहेब पुण्याचे. माणूस वाईट नाही, मला बहिणीसारखं वागवतात. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "अगं, ग्राफ क्लीन आहे. गाडी पास आहे. तू कशाला ओव्हरथिंक करतेस?" मी म्हटलं, ग्राफ खोटा आहे हे आपल्याला ठाऊक आहे. ते म्हणाले, "आपल्याला म्हणजे कुणाला? तू, मी, अण्णा आणि तो एसीवाला. आणि टेंडर तोंडावर आलंय." त्यांना सगळं म्हणायची गरज नव्हती. कंत्राटात स्पष्ट आहे, प्रयोगशाळेच्या चुकीनं चाचणी बाद झाली तर दुसरी गाडी प्रयोगशाळेनं पदरच्या पैशानं आणायची, आणि ती चूक पुढच्या टेंडरच्या वेळी खातं विसरत नाही. मी म्हटलं, मला रात्रभर विचार करू द्या. बाहेर अण्णा उभे होते. म्हणाले, "बिडी, सोडून द्या मॅडम. डमीला काय सर्दी होतेय?" आणि स्वतःच शिंकले.

घरी जयनगरला आले, कुकर लावला आणि तुझी आठवण आली. आठवण कसली, तुझा आवाजच आला. मी शाळेत होते. बाबांच्या मागं तू पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेत होतीस आणि एका लग्नाच्या कल्याण मंडपाचा जेवणाचा कंत्राटदार तुझं मोठं गिऱ्हाईक होता. लग्नसराईत आपलं सगळं घर त्याच्यावर चालायचं. त्या दिवशी रात्रीच शिजवून ठेवलेलं पुरण सकाळी आंबूस झालं होतं. किंचित. तू बोटावर घेऊन चाखलंस, माझ्याकडं बघितलंस, वेलची जरा जास्त घातलीस आणि लाटायला बसलीस. तू, जी मला वास बदललेलं दूध मांजरालासुद्धा घालू द्यायची नाहीस! रिक्षात डबे मांडीवर धरून आपण मंडपात गेलो. कंत्राटदारानं डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि सहज म्हणाला, "पुरण आजचंच ना, अक्का?" तू "हो" म्हणालीस. आणि मी म्हणाले, "नाही, कालचं आहे. आंबलंय." त्यानं तुझ्याकडं बघितलं, झाकण लावलं आणि म्हणाला, "सरी, ठीक आहे अक्का, घेऊन जा."

घरी आल्यावर डबे ओट्यावर ठेवलेस आणि म्हणालीस, "स्वल्प तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला? आता तुझ्या खरेपणाचं पुरण करून घालू का दोघा भावंडांना?" मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. त्या मंडपाची ऑर्डर परत कधी आली नाही, आणि धाकट्याची फी भरायला तू तुझ्या पाटल्या मोडल्यास. पुढं कधी तू तो विषय काढला नाहीस. आणि त्या पोळ्या? त्या आपण खाल्ल्या, गल्लीत वाटल्या. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. शेजारची अक्का तर म्हणाली, आज वेलची छान लागतेय.

मला सांग, मी चुकले होते का? हे तुला विचारायचं राहून गेलं. तू आजारी होतीस तेव्हा मी इतक्या वेळा उशाशी बसले, तोंडावर आलेला प्रश्न गिळला. मला वाटायचं, तू म्हणशील, "नाही ग, चुकले मी." आणि ते मला ऐकवलं नसतं. किंवा म्हणशील, "हो, तूच चुकलीस." तेही ऐकवलं नसतं. आता विचारते, कारण हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही आणि तुझं उत्तर येणार नाही. भित्र्या माणसाला असलीच पत्रं लिहायला जमतात.

दुसऱ्या दिवशी मी सही केली नाही. चाचणी बाद, चूक आमची, असं खात्याला कळवलं. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि "ओके" एवढंच म्हणाले. ऑफिसात कुणी मला वाईट बोललं नाही, उलट एकदोघांनी हात हातात घेतला. खरं सांगू, मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. ताठ मानेनं मी जेवणाच्या खोलीत जायला लागले. लोक बाजूला होऊन वाट द्यायला लागले, आणि मला तो मान वाटला.

दुसरी गाडी आणली. तसलीच, त्याच रंगाची. सेन्सर बदलला, डमींना नीट ठेवलं, अण्णांनी रंग लावले, मी चारचारदा खांद्याला हात लावून बघितला. आणि गाडी पास झाली. कडेला वगैरे नाही, आकडा चांगला आत. पहिल्या वेळी गारठा होता, नव्हता, काही फरक पडत नव्हता. डमीच्या बसण्यात तेव्हा काही कमीजास्त झालं असेल, पट्टा जरा सैल राहिला असेल, देव जाणे. मी जे थांबवलं त्यातून एकच गोष्ट सिद्ध झाली, की ते थांबवायची गरज नव्हती.

पुढच्या टेंडरला आम्ही पडलो. त्यासाठीच पडलो असं कुणी लिहून देत नाही. पण चूक कबूल केलेली प्रयोगशाळा आणि चूक न केलेली प्रयोगशाळा यांत खातं दुसरी निवडणार. ती चूक करत नाही की सांगत नाही, हे खात्यानं कुठं बघायचं? सरकारी काम गेलं तशी कंत्राटावरची माणसं गेली. अण्णा त्यांतलेच. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. मी मात्र आहे. मी कायमची नोकरदार, माझ्या खरेपणाचं पुरण मला कधी खावं लागलं नाही. ते नेहमी दुसऱ्याच्याच पानात पडतं, तुझ्या वेळीही आणि आताही.

मागच्या आठवड्यात इथल्या शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, कामासाठी गेले होते, तर अण्णा दिसले. एका जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात उभे असतात आता. मला बघून बाहेर आले, जबरदस्तीनं कॉफी पाजली. मी माफी मागायला सुरुवात केली तर हातानंच थांबवलं. "परवागिल्ला मॅडम. काही हरकत नाही. तुम्ही बरोबर केलंत. उद्या आमची पोरं त्या गाडीत बसणार ना?" इतकं साधं म्हणाले, जराही कडू नाही. मला भर बाजारात रडू आलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन शांत झोपले असते. त्यांना वाटतं, मी त्यांच्या पोरांसाठी केलं. सगळ्यांनाच तसं वाटतं. साहेबांनासुद्धा, म्हणून तर ते अजून माझ्याशी नीट बोलतात.

आई, तू असतीस तर तुला नसतं वाटलं. तुला माझं तोंड बघून कळायचं. म्हणून तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. दुसरी गाडी रुळावर सुटली तेव्हा मी काचेमागं उभी होते. अण्णा शेजारी हात जोडून, ओठ हलवत उभे होते, गाडी नीट जावी म्हणून, कारण सगळ्यांची भाकरी त्यावर होती. मीही डोळे मिटले होते. आणि मी मनात म्हणत होते, फुटू दे. त्या डमीची छाती फुटू दे. अशा गाड्या शहरभर लोकांनी घेतल्यात, बायकापोरं घेऊन फिरतात, हे मला तेव्हा ठाऊक होतं. तरी मी म्हणत होते, फुटू दे, म्हणजे माझं खरं ठरेल.