नांदेडच्या स्थळाकडचा मेंढीकोट

नांदेड

चि. भागवत,

आशीर्वाद. सुखरूप पोहोचले. पाहुणचार उत्तम. तुझी शुगर कशी आहे?

जेवणानंतर मेंढीकोट मांडला. मी आणि मुलाची आई भिडू. समोर सत्यम आणि त्याचे वडील. तिनं बदामाचा एक्का उतरला, मी त्यावर बदामाची मेंढी, म्हणजे दश्शी, टाकली. हातात बदाम असेल तर बदामच द्यावा लागतो. वडिलांनी "बदाम न्हाई" म्हणत हुकमानं मेंढी मारली, आणि पुढच्याच हाताला बदामाची राणी टाकली! मी हटकलं, तर म्हणतात, "खेळ हाय बाई, शाळा न्हाई."

सत्यमनं सगळं पाहिलं आणि मान खाली घातली.

सृष्टीला तो आवडलाय, ठाऊक आहे. पण एका पत्त्यासाठी बापापुढं ज्याची जीभ उचलत नाही, तो उद्या तुझ्या लेकीसाठी काय बोलणार? होकार मी दिलेला नाही. आधी हे तिला वाचायला दे.

तुझी,
ताई