डाव्या हाताची लचक

३ नोव्हें., सोम.
दुसऱ्या मजल्यावर आज परत थांबलो. छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं, डावा हात कोपरापर्यंत जड. दोन मिनिटांत गेलं. पित्त असणार. वर दारात सुनंदा हजर. "एवढा वेळ जिन्यात काय करत हुतासा?" फोन आलता म्हटलं. पटलेलं दिसलं नाही. बायको पाळत ठेवून आहे. आमटीत मीठ कमी, तूप विचारलं तर "संपलंय". काल बरणी भरलेली पाहिली होती मी.

५ नोव्हें., बुध.
दुकानाचं शटर उचलताना हात पुन्हा. तडक तालमीत. आम्हा जुन्या पैलवानांत पाय मुरगळो की पाठ धरो, आधी वस्ताद. डॉक्टर म्हणजे हार. वस्तादांनी हात चाचपला. "जुनी लचक हाय गड्या. आखाड्यातली." गरम तेल लावून अर्धा तास चोळलं. बरं वाटलं. पण एवढ्या वेळात त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. का?

९, रवि.
मेहुण्याकडं जेवण. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, दोन्ही दोन-दोन वाट्या. सुनंदा माझ्या वाट्या मोजत होती. जेवून चौकापर्यंत चाललो तर तेच. उभं राहिलं की थांबतं, चाललं की येतं. लचक अशी वेळ बघून येते होय?

१०, सोम.
अंघोळ करताना एकदम आठवलं. कुस्तीत निखळला तो उजवा खांदा. डाव्याला कधीच काही झालेलं नाही. मी विसरलो, ठीक. वस्ताद कसे विसरले? तो खांदा त्यांनीच बसवला होता.

११, मंगळ.
राजारामपुरीत डॉक्टरकडे. घरी बोललो नाही. बी.पी. बरंच वर. ईसीजी चांगला. मी उठायला लागलो तर म्हणतो, आडवं पडून काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो, चालताना दुखतंय तर उद्याच पुढची तपासणी करू. ह्याचं त्या तपासणीवाल्याशी काहीतरी साटंलोटं असणार.
"तंबाखू?" "सोडली." पुडी खिशात होती.
"वडील कशानं गेले?" "म्हातारपणानं."
आबा गेले तेव्हा एक्कावन्नचे. म्हशीची धार काढून उठले आणि तिथंच. मी चोपन्न. खोटं का बोललो, माझं मलाच कळेना.
शुक्रवारी येतो म्हटलं. निघताना बजावलं त्यानं, बसल्या जागी दुखलं, घाम फुटला तर वाट बघू नका, चालत येऊ नका, अँब्युलन्स बोलवा.

१३, गुरु.
न सांगता तालमीत गेलो. वस्ताद मागच्या खोलीत एकटेच, जिभेखाली गोळी ठेवत होते. मला बघून डबी लपवली.
"काय हाय ते?"
"पित्ताची गोळी."
"पित्ताची जिभंखाली ठेवत्यात व्हय?"
डबी परत बाहेर काढली त्यांनी. मग, "दोन वर्सं झाली. हार्टची हाय. तुझ्यागतच सुरू झालतं. कुणाला बोलू नगं."
"मग मला लचक म्हनून का चोळत बसलासा?"
"तुला बी तेच हाय म्हनायला तोंड उघडंना माझं."
संताप आला. पायाही पडलो नाही, तसाच निघालो. घरी येईपर्यंत रागाची भीती झाली होती. उद्या सकाळी दहाला डॉक्टर.

१४, शुक्र.
सात वाजता, चहा घेताना, बसल्या जागीच. जबड्यापर्यंत. सदरा घामानं ओला. सुनंदाला सगळं सांगितलं, पुडीसुद्धा. भांडली नाही. त्यानंच जास्त घाबरलो. अँब्युलन्स निघाली आहे. बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि ती मला पायरी उतरू देत नाही. वस्तादांना फोन केला तिनं. तालीम गल्लीच्या तोंडाला, तिथले गडी खुर्चीसकट खाली नेणार म्हणे.
"किती जण येत्यात?" मी विचारलं.
"चौघं," म्हणाली आणि जीभ चावली. मग पुन्हा फोन लावला. "वस्ताद, पाच जण पाठवा."