झिजलेल्या दाढा

३ ऑगस्ट, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा आहे तसाच. भावजींची बदली टळली हे वाचून बरं वाटलं. नवं घर ऐसपैस आहे, छान.

इथे लॅबमध्ये काम फार आहे. सकाळपासून मेणात कवळ्यांचे दात बसवत असते. मध्यंतरी एक कवळी पोचवायला दवाखान्यात गेले, तर दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलीच आहेस तर बस खुर्चीत, तुझेही बघू." बघून म्हणाल्या, "दाढा पार सपाट झाल्यात. झोपेत दातओठ खातेस. कोणावर गं?"

मी म्हटलं, "कोणावर नाही. मला राग येतच नाही."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मला वाटलं, दाढांसाठी मनाचा दवाखाना म्हणजे अतीच झालं. त्या बाई म्हणाल्या, "डोळे मीट आणि नाडीला हात न लावता ठोके जाणवतात का सांग." काहीच जाणवलं नाही. "भूक लागलीय?" माहीत नाही. घड्याळात एक वाजला की मी जेवते. त्या म्हणाल्या, काहीजणांना शरीराच्या आतलं नीट कळत नाही, मग राग आलाय की भीती वाटतेय हेही उमगत नाही; नुसता थकवा येतो. पण सवयीने कळायला लागू शकतं.

तेव्हापासून काम करताना मध्येच थांबते आणि जबडा कसा आहे ते बघते. बहुतेक वेळा सैल असतो. तुझं पत्र वाचताना नव्हता. "तुला काही त्रास होत नाही, तर बाबा कायमचे तुझ्याकडेच राहू देत" या ओळीला दात इतके आवळले की कानशिलं ठणकली. पोटात आग पडली. आजवर मी त्याला पित्त म्हणत आले.

बाबा समोरच होते. "चिडलीस?"

"हो, वाटतं."

"ताईवर?"

"तुमच्यावरही थोडी."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बरं झालं बाई. तुझी आई गेल्यापासून इथे आहे, पण तुझा आवाज कधी चढलेला ऐकला नाही. दगडाबरोबर राहतोय असं वाटायचं. मलाही तुझा कंटाळा आलाय गं."

आम्ही दोघंही हसत सुटलो.

तर सांगायचं ते असं. पुढच्या महिन्यात बाबांना तुझ्याकडे आणून सोडते. सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे. त्यांना मान्य आहे. आधी "जमेल का?" असं लिहिलं होतं, ते खोडलं.

वाचून तुला राग येईल. येऊ दे. पण फोन करू नकोस, फोनवर मी "चालेल" म्हणून मोकळी होईन. लिही.

तुझीच,
शेंडेफळ