जास्वंदीचा उभा छेद

जयनगर, रविवार, संध्याकाळचे सात

आज विद्यापीठानं यंदाचा माजी विद्यार्थी पुरस्कार मला दिला. शाल, म्हैसुरी पेटा, फळांची परडी, सगळं अगदी यथासांग. थोरली अक्का तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून.

आणि आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी भाषणात नेमकी ती जास्वंद काढली! म्हणाले, "हिची प्रॅक्टिकलची वही मी जपून ठेवलीय. त्यातला जास्वंदीचा उभा छेद अजून वर्गात दाखवतो." टाळ्या. मला आजही साधं पान धड काढता येत नाही. त्या वहीतली सगळी चित्रं अक्काची. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, पण माझी वही आली की पेन्सिल घेऊन बसायची.

बोलावं की गप्प बसावं? माझी पाळी आली आणि तोंडातून निघूनच गेलं, "सर, ती जास्वंद माझ्या अक्काची. ती बघा, तिसऱ्या रांगेत." सरांनी व्यासपीठावरूनच तिला हात जोडले. अक्कानं तोंडाला पदर लावला.

घरी येताना ऑटोत मी पेटा तिच्या डोक्यावर ठेवला. ती भडकलीच. "वेडी का गं तू? आता तुझी डिग्री काढून घेतील!"

"नाही गं घेत."

पेटा मात्र तिनं घर येईपर्यंत काढला नाही. फाटकाशी उतरताना हळूच म्हणाली, "ती डावी पाकळी स्वल्प वाकडी झाली होती. सरांना विचार ना, नवी काढून देऊ का?"