ठिपक्याला कलेजी, लुडोला दहीभात

बाबा,

ठिपक्या कशानं गेला ते मला कळलंय. त्याला जाऊन तीस वर्षांहून जास्त झाली, तुम्हाला जाऊन सोळा, आणि मला कळलं ते या वर्षी, मयूर विहारमधल्या एका दवाखान्यात. लुडोला घेऊन गेले होते. लुडो म्हणजे आमचा आत्ताचा कुत्रा. तोही डाल्मेशियनच, तसाच पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, वय तीन. नोएडाचं एक कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यांच्याकडून तुमच्या नातीनं हट्टानं आणला. दोन दिवस तो झाडाशी पाय वर करून नुसता उभा राहत होता, थेंब थेंब पडत होते. तिसऱ्या दिवशी ते थेंब गुलाबी दिसले, तेव्हा मी ऑफिसात सुट्टी टाकली आणि त्याला गाडीत घातलं. सोनोग्राफीत मूत्राशयात खडे दिसले. मी आईला फोन करून सांगितलं, मुतखडा आहे. शेजारी बसलेल्या लेकीला तो शब्दच ठाऊक नव्हता. "पथरी गं," म्हटलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्हाला खरं तर कुत्रा नकोच होता. खात्यातल्या तुमच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी ठिपक्या तुमच्या गळ्यात मारला. वर बजावून गेले, "ऊँची नस्ल का है, इसे कलेजी खिलाना, नहीं तो गिर जाएगा." साहेबांनी सांगितलं म्हणजे झालंच. आमलेटाच्या वासानं ज्यांना मळमळायचं असे तुम्ही, दर रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन मुनिरकाला खाटकाच्या दुकानासमोर उभे, दुकानाकडे पाठ आणि तोंड रस्त्याकडे. मी तुमचं बोट धरून असायची. पहिल्या दिवशी खाटकानं विचारलं, "बाबूजी, बनाओगे कैसे?" आणि तुम्ही पाठ न वळवता म्हणालात, "आप ही बताइए." त्यानं सांगितलं, हळद घालून उकळा, मीठ अजिबात नको. ते तुम्ही घरी येऊन एका कागदावर लिहून ठेवलंत. क्वार्टरच्या मागच्या बाल्कनीत वातीचा स्टोव्ह, त्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि नाकाला रुमाल बांधून ढवळणारे तुम्ही. आई आतून ओरडायची, "ते पातेलं माझ्या ओट्यावर आलं ना, तर मी सरळ पुण्याची गाडी धरीन!" ठिपक्या जेवून होईपर्यंत तुम्ही तिथून हलत नसायचात. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचात, "बघ, कशी चकाकी आलीय." माझ्या पाठीवरून तुम्ही असा हात कधी फिरवला नाहीत. तेव्हा मला त्याचा हेवा वाटायचा आणि ठिपक्यावर माझा जीवही होता, दोन्ही एकदमच.

मग ती मे महिन्याची सुट्टी. तुम्ही आठ दिवसांच्या दौऱ्यावर गेलात. खाली राहणारे शर्माअंकल कलेजी आणून देतील असं ठरवून गेला होतात, पण ते अंकल सासरी लग्नाला निघून गेले. आई म्हणाली, "मी त्या वस्तूला हात लावणार नाही, काय घालायचं ते तू बघ." मी अकरा वर्षांची. मी दहीभात कालवला. ठिपक्यानं ताटली अशी चाटली की धुवायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी दहीभात, तिसऱ्या दिवशी दहीभात. मला इतका अभिमान वाटत होता की तुम्ही आलात तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत मी दारातच सांगून टाकलं. तुमचा चेहरा मला आत्ताही दिसतो. "तो काय आपल्यासारखा आहे? जातिवंत जनावर आहे ते! त्याला दहीभात?" आणि झालेली हयगय भरून काढायला तुम्ही दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळेला कलेजी सुरू केलीत. पाचव्या दिवशी ठिपक्याचं पोट ताठ झालं. लघवी होईना. तुम्ही त्याला चादरीत गुंडाळून ऑटोत घातलंत. मी जिन्यात बसून राहिले आहे. दुपार टळली आहे, ऑटो परत येते आणि तुम्ही एकटेच उतरता, हातात नुसता पट्टा. माझ्यापाशी थांबता. "दहीभातानं मारलंस त्याला," म्हणता, आणि वर जाता.

एवढंच. पुन्हा कधी तुम्ही ते बोलला नाहीत आणि कधी मागेही घेतलं नाहीत. माझ्या दहावीला पेढे वाटलेत, मी वसईच्या ख्रिश्चन मुलाशी लग्न करते म्हटल्यावर चार दिवस अबोला धरून पाचव्या दिवशी स्वतः हॉल बघायला गेलात, हे सगळं मला आठवतं. पण ते वाक्य तसंच राहिलं. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसायची तेव्हा कितीदा वाटलं की आता विचारावं. धीर झाला नाही. तुम्ही "हो, तूच" म्हणाला असतात तर मी काय केलं असतं?

म्हणून लुडो आला तेव्हा मी ठरवलं होतं की खाण्यात या वेळी तसूभरही चूक होऊ द्यायची नाही. दुकानात गेले आणि सगळ्यात महागडी थैली उचलली. महाग ते चांगलं, हे मी तुमच्याकडूनच शिकले. त्यात काय काय आहे याच्या यादीत पहिलंच नाव कलेजीचं होतं, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. वर लाड म्हणून वाळवलेल्या कलेजीच्या कांड्या, ड्रॉवर भरून. दोन वर्षं मी त्याला हेच घातलं, आणि त्याच्या अंगावर चकाकीही होती.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून बरीच लहान, मेरठकडची. सोनोग्राफी बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, "मैम, डालमेशन है, कलेजी तो नहीं देते?" मी म्हटलं, तीच तर देतो. तिनं कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखा चेहरा केला. मग नीट समजावून सांगितलं. मांसातून, त्यातही कलेजी-गुर्द्यासारख्या गोष्टींतून, यूरिक ॲसिड तयार होतं. बाकीच्या कुत्र्यांचं शरीर ते मोडून टाकतं. डाल्मेशियनला ते जमत नाही, ही त्या जातीची जन्माचीच उणीव. ते तसंच मूत्राशयात उतरतं, त्याची वाळू होते, वाळूचे खडे होतात, आणि नर असला की एक दिवस वाट बंद. लॅब्रॅडॉरला जे अमृत ते याला विष. "कलेजी, गुर्दा, लाल मांस, मछली, सब बंद. अंडा दीजिए, पनीर, चावल, घीया. खाने में पानी मिलाकर. गोली मैं लिख देती हूँ. सब लोग पक्के रहे तो ऑपरेशन टल सकता है. डेढ़ महीने बाद देखेंगे." मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज मलाच परका वाटला, "और दही-चावल?" ती हसली. "अरे, दही-चावल तो बढ़िया है मैम. बस अकेला वही मत दीजिए." मी मान खाली घालून सगळं लिहून घेत राहिले.

घरी येऊन मी ती महागडी थैली कचऱ्यात ओतली आणि सगळ्यांना समोर बसवलं. सांगितलं, या घरात दीड महिना मी म्हणेन ते होईल. तुमचा जावई, ज्याला ताटात मासा नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही, तो म्हणाला, "अगं, एक काटा चाटला तर काय होतंय यार?" मी म्हटलं, तुझा मासा तू टेबलाच्या मधोमध बसून खायचा आणि उठल्यावर हात साबणानं धुवायचे. त्यानं धुतले. आई दुधी किसायला बसली. एके काळी कुत्र्याचं पातेलं ओट्यावर येऊ न देणारी तुमची बायको आता त्याच ओट्यावर लुडोचा भात शिजवते, आपल्या भाताच्या आधी. खाली पार्कात तर रोजचा तमाशा. जर्मन शेफर्डवाल्या आंटी म्हणायच्या, "कुत्ते को घीया खिला रही हो? मेरा तो रोज़ कलेजी खाता है, देखो, शेर है शेर." मी म्हणायची, "आपका शेर है, खिलाइए. मेरा डालमेशन है." गेटवरचा गार्ड प्रेमानं काहीबाही भरवायचा, म्हणून लेकीनं एक पुठ्ठा कापून लुडोच्या पट्ट्याला बांधला: मुझे कुछ मत खिलाइए, मैं बीमार हूँ. लोक हसले. हसू देत, म्हटलं. ऑफिसात सुद्धा कळलं होतं की साडेसहानंतरची मीटिंग मी घेत नाही, कारण सातला लुडोचं जेवण असतं आणि ते मीच घालते.

चौथ्या आठवड्यात लुडोनं दुधीभाताकडे पाठ फिरवली. एक दिवस, दोन दिवस, ताटली हुंगायचा आणि निघून जायचा. बरगड्या दिसायला लागल्या. रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आले तर त्याच्या लघवीत पुन्हा गुलाबी झाक, आणि लेक कोपऱ्यात बसलेली. मी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. कलेजीच्या कांड्यांचं एक पाकीट तिच्या कपाटात राहिलं होतं. तो उपाशी बघवेना म्हणून दिल्या. दोन्ही दिवस. बाबा, ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. शब्दाला शब्द तेच, फक्त दहीभाताच्या जागी कलेजी. माझा हातही वर गेला होता आणि ती डोळे मिटून वाट बघत होती. तिचं वयही तेवढंच आहे हो. मी हात खाली घेतला. म्हटलं, "किती कांड्या? खरं सांग, मला डॉक्टरला सांगायचंय." ती म्हणाली, पाच. मग म्हणाली, "मम्मा, वो मर गया तो मेरी वजह से?" मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "मरणार नाही. मी मरू देणार नाही. आणि मेला तरी तुझ्यामुळे नाही, ऐकलंस? तुला त्याची भूक दिसली म्हणून दिलंस. हे मी पुन्हा सांगणार नाही, म्हणून आत्ता नीट ऐक." बोलायला किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट. तेवढं अर्धं मिनिट तुम्हाला जिन्यात सापडलं नाही, याचा मला त्या दिवशी फार राग आला. तुमच्यावर इतकी उघड मी पहिल्यांदाच रागावले. त्यानंतर तीन दिवस मी लुडोला मांडीवर घेऊन उकडलेलं अंडं भातात कुस्करून घास घास भरवलं. चौथ्या दिवशी तो आपणहून ताटलीशी गेला.

परवा दीड महिना पूर्ण झाला. खडे बरेच विरघळलेत, उरलेत ते बारीक. ऑपरेशन नाही. हे खाणं मात्र जन्मभर, डॉक्टर म्हणाली, आणि मी म्हटलं, जन्मभर तर जन्मभर. घरी आल्यावर आईनं विचारलं, "मग आपला ठिपक्यासुद्धा ह्यानंच गेला असेल का गं?" मी म्हटलं, "हो. त्या जातीतच दोष असतो आई. कुणाची चूक नव्हती." ती दुधी किसायला घेऊन बसली. मग म्हणाली, "ह्यांना फार लागलं होतं ते. पुढे कधी मुनिरकाच्या बाजूला पाऊल टाकलं नाही." आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी तुम्हाला सांभाळून घेतलं.

तसं नाहीये. हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा लिहून टाकते. कुणाची चूक नव्हती असं मी आईला सांगितलं ते लाजेनं. त्या दिवशी दवाखान्यात ती डॉक्टर कलेजी हे नाव बोलली, तेव्हा टेबलावर लुडो कण्हत होता, माझी लेक रडत होती, आणि मला आनंद झाला होता, बाबा. चांगला पोटभर आनंद, की मी नव्हते, तुम्ही होतात.