नदीचं वळण आणि आत्याबाई

९ नोव्हेंबर २००३

मिळाली परवानगी, पीएच.डी.साठी नदीवर काम करायची! विद्यापीठाची नव्हे, ती कधीच मिळाली होती — घरची. अट एकच, नदीकाठी एकटीनं हिंडायचं नाही. नवऱ्याला, पृथ्वीराजला, नोकरीतून सुट्टी नाही. मग सासूबाईच उठल्या. "मी जातो की तिच्यासंगं! घरात तरी कुणाच्या तोंडाकडं बघत बसू?"

कोल्हापूरच्या बायका 'मी जातो' म्हणतात. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा हसू यायचं. आज आत्याबाईंना — सासूबाईंना मी असंच म्हणते — मिठीच मारावीशी वाटली.

१२ नोव्हेंबर

पहिला दिवस. काम तसं साधं — पंचगंगेच्या वळणांवर काठापासून आत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, आणि अधूनमधून येऊन काठ किती उरला ते मोजायचं. आत्याबाईंनी टेपचं टोक धरलं. जरा वेळानं न राहवून, "काठ काय पळून जातोय व्हय?"

जातो म्हटलं. हळूहळू.

दुपारी भाकरी-खर्डा. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. "सातारची की गं तू," म्हणून दही पुढं सरकवलं.

३० नोव्हेंबर

"नदी सरळ का जात न्हाय गं?" आज त्यांनी आपणहून विचारलं! सांगितलं — वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला जोर असतो, ते काठ खालून पोखरतं. आतल्या अंगाला पाणी सुस्तावतं, हातातला गाळ टाकून देतं. तीच आपली मळीची जमीन. हजारो वर्षं नदी अशी इकडून तिकडं सरकत आली, म्हणून तर ही सगळी सपाट काळी रानं.

जरा विचार करून म्हणाल्या, "म्हंजी एका लेकाचं काढायचं आन् दुसऱ्याच्या पदरात घालायचं. आईच हाय की गं ही!"

हे प्रबंधात घालता येत नाही, याचं वाईट वाटतं.

१८ जानेवारी २००४

टाळत होते ते आज केलं. कसबा बावड्यातलं आमचं रान वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे — तिथं खुंट्या ठोकल्या. आत्याबाई बघत होत्या.

पृथ्वीराजला तिथंच घर बांधायचंय. खिडकीतून नदी दिसावी ही मामंजींची इच्छा. रान आत्याबाईंच्या नावावर करून ते गेले, घर राहिलं. आता नकाशासुद्धा काढून झालाय. मी काय बोलू?

१९ जानेवारी

नाही बोलले.

२४ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची मोजणी. आमच्या रानातल्या दोन खुंट्या सापडल्याच नाहीत — काठासकट गेल्या! संध्याकाळी चहा देताना सांगून टाकलं, इथं घर नको. पृथ्वीराजचा चेहरा उतरला, मग चिडला. "वर्षभर टेप धरलीस आणि नदी कळली? आबा जन्मभर राबले तिथं!" जेवला नाही. मग मीही नाही.

२५ ऑक्टोबर

आत्याबाई दिवसभर भांडी आपटत होत्या. बाजू कुणाचीच घेतली नाही. खरं सांगू? तेच जास्त लागलं.

२८ ऑक्टोबर

घेतली! भाकऱ्या थापता थापता, मान वर न करता — "घर वर गावात बांध, पृथ्वीराज. रानात न्हाय."

"अगं, पण आबांची इच्छा—"

"तुज्या आबाला तुज्यापरीस मी जास्त वळखत हुतो. चप्पल भिजली तर गल्ली गोळा करायचा त्यो माणूस! त्येचं घर नदीत घालणार हाईस?"

पृथ्वीराज हसू दाबत बसला. दाबलं गेलं नाही. मग तिघंही हसलो, आणि तव्यावरची भाकरी करपली.

१० ऑगस्ट २००५

पूर ओसरला. शाहूपुरीत दुकानांत पाणी होतं, आमचं गावातलं नवं घर कोरडं राहिलं. आज तिघं रानात गेलो. काठ जागच्या जागी! ऊस चिखलानं माखलेला, पण उभा. पृथ्वीराज खूश झाला. "बघ! काय झालं?" म्हणत कडेकडं चालू लागला.

पूर असतो तोवर पाणीच काठाला टेकू देतं. ते उतरलं की भिजून जड झालेला काठ निराधार होतो. मला हे माहीत होतं! तरी तो आनंदात होता म्हणून क्षणभर गप्प राहिले. मग त्याच्या मागं जमिनीत भेग दिसली.

"माघारी फिर!" मी ओरडले. आत्याबाई माझ्याहून मोठ्यानं. तो वळला, भेगेवरून उडी टाकून आला, पडला. फार आवाजही झाला नाही. ऊस उभाच्या उभा खाली बसला आणि गेला.

चिखलातच बसून राहिलो. माझं मनगट त्यानं इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. माझंच खरं ठरलं, पण आनंद कसला!

२१ ऑगस्ट

"आपली माती आता कुठवर गेली आसंल?" आत्याबाईंनी विचारलं. म्हटलं, जड होती ती पुढच्या वळणावर बसली असेल. बारीक गाळ नृसिंहवाडीला, तिथून कृष्णेबरोबर कर्नाटकात.

"मग वाडीच्या दत्ताला सांगून येऊ. नवी हाय बिचारी, ध्यान ठेव म्हणावं." हसल्या. आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. नवी नवरी होऊन आल्यापासून खुरप्यानं भांगललेली माती ती. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. कधी नव्हे ते घेऊ दिलं.

२ डिसेंबर

रजिस्ट्रार कचेरीत जाऊन आलो. उरलेलं रान आत्याबाईंनी बक्षीसपत्र करून माझ्या नावावर केलं. माझ्या! साक्षीदार पृथ्वीराज. बाहेर आल्यावर कसंबसं विचारलं, मला का?

"पोराला दिलं तर पुन्यांदा घर बांधंल. तू नुस्ती मोजत बसशील."