वरची सीडी आधी

राहू, ता. दौंड
होळीच्या आदल्या दिवशी, २००४

तीर्थस्वरूप वन्सं सिंधूबाई यांना राहूहून तुमची भावजय कस्तुरा हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं, बरं झालं. (आता डाव्याचंही उरकून घ्या, म्हणजे माझ्या अक्षराला दोन्ही डोळ्यांनी नावं ठेवता येतील.) इकडे मी खुशाल आहे. दोन्ही म्हशी दुधाला आहेत. आपलं गुऱ्हाळ परवा बंद झालं, भय्ये लोक आपापल्या मुलखाला गेले, आणि चुलाण थंड झाल्यापासून वस्तीवर माणसाचा आवाज म्हणून उरलेला नाही. तुमच्यासाठी काकवीची बरणी वेगळी काढून ठेवली आहे.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, दिवसभर एकटी करतेस तरी काय. तेव्हा मी म्हणाले, काय करायचं, कामं असतात की. ते खोटं होतं. वन्सं, मी पिक्चर बघते. दुपारची झाकपाक झाली की दार लोटते, तुमच्या बंधूंच्या फोटोवरची धूळ पुसते आणि पिक्चर लावते. (ते असते तर पहिल्याच गाण्याला घोरले असते. दौंडच्या थिएटरात तिकीट काढून झोपणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.) सीडीचं मशीन विक्रमनं भाऊबीजेला आणलं. म्हणाला, आई, तुला करमत नसेल. एका पायात बूट, दुसरा हातात, अशा घाईत त्यानं वायरी जोडल्या. डबीत दोन सीड्या असतात, वरची आधी लावायची, ती संपली की खालची, एवढं सांगितलं आणि निघाला, कारण उशीर झाला की हडपसरला गाड्या तुंबतात. सूनबाई नीलम तर गाडीतून उतरलीच नव्हती. तेव्हापासून तो काही आला नाही, पण सीड्या येतात. आपला जयसिंग दुधाचा टेम्पो घेऊन जातो ना, त्याच्याकडे विक्रम पिशवी देतो. सकाळचं दूध नासायच्या आत पोचतं, इतकं हडपसर जवळ आहे.

तर आता पिक्चरांबद्दल माझं मत. एक इन्स्पेक्टरचा पाहिला. सुरुवातीलाच भयंकर मारामारी, इन्स्पेक्टरनं टकल्या गुंडाला गच्चीवरून खाली टाकलं, गुंड मेला, आणि इन्स्पेक्टर हार घातलेल्या बहिणीच्या फोटोपुढं रडला. मी म्हटलं, एवढ्यातच संपलं की काय. मग दुसरी सीडी लावली, तर बहीण जिवंत, राखी बांधतेय, आणि तो टकल्या शाळेच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून बसून जिलबी खातोय. मला वाटलं, मार खाऊन सुधारला. दुसरा एक नवरा-बायकोचा होता. कोर्टात भांडली, विमानतळावर गळ्यात पडली, सगळं गोड झालं, आणि पुढं बघते तर दोघं कॉलेजात एकमेकांवर आदळतात, वह्या पडतात, आणि नाव काय म्हणून विचारतात. इतकं रडून गळ्यात पडलेली माणसं एकमेकांचं नावसुद्धा विसरतात, ह्याचं मला फार नवल वाटलं. नटनट्यांची नावंही हल्ली मधेच दाखवतात. त्यांचं हिंदी मला निम्मं कळत नाही, त्यात लोडशेडिंग, त्यामुळं जे कळलं नाही ते माझ्या हिंदीवर ढकललं. आणि मनाशी म्हटलं, कीर्तनात नाही का आधी निरूपण असतं आणि मग आख्यान, तसं ह्यांनी केलं असेल. शहरातली शिकलेली माणसं ती, उगाच का करतील?

विक्रमचा फोन रविवारी येतो. कसा होता पिक्चर, असं दर वेळी विचारतो, आणि मी त्याला सगळी गोष्ट सांगते, आधी टकल्या मेला आणि मग जिलबी खाल्ली इथपर्यंत. तो म्हणतो, हो का, छान. मग नीलम हाक मारते आणि फोन ठेवतो.

आता ऐका मजा. गेल्या आठवड्यात आपल्या बांधाशेजारच्या हरिबाची तानुबाई ताक न्यायला आली. तिला तुम्ही ओळखता, पूर्वी मेंढरांमागं फिरायची, त्या फिरण्यात तिनं घोडनदीकाठच्या साऱ्या जत्रांतला तंबूतला सिनेमा बघितलेला. म्हटलं, बस गं, पिक्चर संपतच आलाय. ती पाय पसरून बसली. शेवटी पडद्यावर नेहमीसारखं इंग्रजीत मोठ्या अक्षरात काहीतरी आलं, आणि मी 'समाप्त' म्हणून उठले. तानुबाईला वाचता येत नाही, पण ती म्हणाली, "अवं बाई, समाप्त कुठलं? ह्ये आलं म्हंजी आमी भजी खायला भाईर पळायचो. अर्धा ऱ्हायलाय की अजून." मी म्हटलं, अगं, आधीची सीडी मी मगाशीच बघितली. त्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "व्हय, पर तुमी उलटं का बघताय?"

वन्सं, तो इंटरव्हल होता. भाड्यानं नेणारे लोक शेवटची सीडी बघतात आणि तशीच वर ठेवून डबी परत करतात, हे विक्रमला काय ठाऊक. दोन्हींवर इंग्रजी अक्षरं आहेत, एकावर चंद्रकोरीसारखी एखादी खूण नाही की ओळखता यावं. दिवाळीपासून होळीपर्यंत मी एकूण एक पिक्चर उलटा पाहिला. तानुबाई हसून हसून ताक न घेताच गेली. मीही हसले. मग ती गेल्यावर दार लोटून बसले आणि वाईट वाटायला लागलं. चुकल्याचं नाही. इतके महिने मी विक्रमला मेलेली माणसं जिवंत झाल्याचं सांगत होते, आणि तो हो का, छान म्हणत होता. एकदा जरी म्हणाला असता, आई, काय बोलतेस, तरी मला आनंद झाला असता.

तुमची फार आठवण झाली त्या दिवशी. खरं सांगते, पूर्वी तुम्ही माहेरपणाला येणार म्हटलं की मी आधीच तुमच्या परतीचे दिवस मोजायला लागायचे. चुलीत लाकूड शेंड्याकडून घातलंय की बुडख्याकडून, हे तुम्हाला अंगणात बसून कळायचं. आमटी उतरवायच्या आत मीठ कमी असल्याचं तुम्ही सांगायचात. मी मागच्या दारी जाऊन रडायचे आणि तुमच्या नावानं बोटं मोडायचे. पण तुम्ही घरात असताना माझी एकही चूक संध्याकाळपर्यंत टिकली नाही, आणि ही बघा, दिवाळीची होळी झाली तरी कुणाच्या ध्यानात आली नाही.

आता मी सरळ बघते, म्हणजे एक पिक्चर सोडून. तो मायलेकांचा आहे. सरळ लावला तर लहानपणी मुलगा अंगणात खेळतो, आई मागं धावून घास भरवते, मग जत्रेत तो हरवतो. पुढं मोठा साहेब होतो, गाडीतून येतो, आईच्या पाया पडतो, आणि लगेच समाप्त. जेवायला थांबला का, ते काही दाखवत नाहीत. म्हणून तो मी माझ्या पद्धतीनंच बघते. आधी तो पाया पडतो, मग मी दुसरी सीडी लावते, तर तो अंगणातच असतो आणि जेवत असतो. जत्रेचे पाळणे दिसायला लागले की मी बटण बंद करते. तानुबाई मला खुळी म्हणते, तुम्हीही म्हणाल, म्हणा.

घरात थोरामोठ्यांना नमस्कार, लेकरांना गालावरून हात. पत्रात चुका पुष्कळ असतील, त्या तशाच ठेवल्या आहेत, तुम्हाला वाचताना सोबत होईल.

तुमची,
कस्तुरा

ता. क. पाडव्याच्या आत चार दिवस माहेरपणाला या. पिशवीतल्या तीन डब्या मी उघडलेल्या नाहीत, आपण दोघी मिळून बघू. लोकरीचं आसन काढून ठेवलंय, आमटीत मीठ मुद्दाम बेतानं घालीन. तीन एस.टी. बदलून तुम्हाला यायला जमणार नाही, हे मला कळतं. त्याची काळजी करू नका, विक्रम तुम्हाला गाडीनं घेऊन येईल.

ता. क. दुसरा. (हा त्याला वाचून दाखवू नका.) मी ये म्हटलं की त्याला सुट्टी नसते. पण रविवारी मी सहज म्हटलं, वन्सं यायच्या म्हणतात, एस.टी.नं येतील बिचाऱ्या, तर पटकन म्हणाला, आत्याला मी आणतो. तुम्हाला तो अजून भितो, देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. तेव्हा गुडघा बरा असला तरी त्याला तसं सांगू नका, आणि येताना वाटेत त्याला काही खाऊ देऊ नका, मी पुरणाचा स्वयंपाक करून ठेवणार आहे. इथं आलात की हवं तितकं बोला मला. फक्त परत निघताना, काही झालं तरी, एस.टी.नं जाते म्हणू नका. म्हणजे तुम्हाला पोचवायला त्याला पुन्हा यावं लागेल.